अजून पाव फेरा

खडे माझे नव्हते. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं की लपवल्यासारखं वाटतं.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, नीलम्माअक्काचे होते. म्हणजे आधी आईच्या आईचे, मग आईचे, आणि त्या वैशाखात लग्न झालं की अक्काचे होणार. कानातले दोन हिरे, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे. आमच्या घरात त्यांना कुणी हिरे म्हणत नाही. खडे म्हणतात.

मी विरूपाक्ष. उदगीरचा. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सुटली. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, भांड्याचं दुकान आहे. त्या साली, सोळाच्या दुष्काळात, ताट-वाटी कुणी घेत नव्हतं. नुसते ड्रम आणि घागरी जायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, मी गल्ल्यावर बसून मोबाईलवर वाचायचो. इंग्रजी अर्धं कळायचं, अर्धं आकृत्यांवरून लावायचो. असंच वाचता वाचता मला दाबाचं वेड लागलं.

काय बघायचं होतं ते सांगतो, सोपं आहे.

पोटॅश माहीत असंल. शेतात टाकतात ते लाल खत. ते धुऊन, गाळून, सुकवलं की मिठासारखे पांढरे स्फटिक मिळतात. त्या स्फटिकात प्रत्येक कणाला सहा शेजारी असतात. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. आता त्याला दाबा. काही होत नाही. अजून दाबा. तरी काही नाही. हवेचा जेवढा दाब आपल्यावर असतो त्याच्या वीस हजार पट झाला, की एका झटक्यात सगळे कण सरकतात आणि प्रत्येकाला सहाच्या जागी आठ शेजारी होतात. कण तेच. पोटॅश पोटॅशच राहतं. बसणं बदलतं. आणि अख्खा स्फटिक आखडून लहान होतो.

त्याच्या आधी तो काहीच सांगत नाही. एकोणीस हजारपर्यंत तो तुमच्याकडं बघत नुसता बसलेला असतो. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला ते डोळ्यानं बघायचं होतं.

एवढा दाब सोसणारी आणि तरी आरपार दिसणारी वस्तू जगात एकच. दोन हिरे घ्यायचे, त्यांची टोकं समोरासमोर करायची, मध्ये छिद्र पाडलेला पत्रा, छिद्रात पोटॅश. वरून बघायचं. टोक इतकं बारीक असतं की एका माणसाचं वजन टाकलं तरी पुरतं. एक अख्खा माणूस खसखशीच्या दाण्यावर उभा केला, असं समजा.

साचा मी अण्णारावच्या लेथवर करून घेतला होता. दोन जाड चकत्या आणि तीन बोल्ट. सूक्ष्मदर्शी एका शाळेनं भंगारात काढलेली. सगळं तयार होतं, हिरे सोडून.

मग एका सकाळी आईनं कागदाची पुडी हातात दिली. "खड्याचं कोंदण ढिलं झालंय. सराफाकडून घट करून आण. लग्नाच्या आधी देवणीवाले मागतील." देवणीवाले म्हणजे अक्काच्या होणाऱ्या सासरची माणसं.

सराफानं कोंदण उकललं आणि म्हणाला, सोनं नवीन लावावं लागंल, दहा दिवस लागतील. "तवर खडे तुमच्याकडंच ठिवा. मला जोखीम नको."

दहा दिवस.

.

हदगावच्या शेषेरावची ओळख एका व्हिडिओखाली झाली होती. अकरा वर्षं सुरतला हिरे घासले, मग डोळे अधू झाले म्हणून गावी आला. येताना घासायची एक जुनी चकती घेऊन आला. उदगीर ते नांदेड, नांदेड ते हदगाव, दोन बस. रस्त्यात प्रत्येक फाट्यावर तामिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या उभ्या. सगळीकडं जमिनीला भोकं पाडून राहिले होते. कुठंच पाणी नव्हतं, नुसती पांढरी धूळ.

शेषेरावनं खडे चिमट्यात धरून उजेडाकडं केले.

"टोक कापायचं म्हणतोस? गड्या, सुरतला टोक तुटलं तर आम्ही शिव्या खायचो. तू मुद्दाम कापाया आणलास."

"थोडंच दादा. खसखशीएवढं सपाट पाहिजे."

"कुणाचे हायेत?"

"घरचेच."

"घरच्यांला ठावं हाय का?"

मी चहाचा कप उगाच फिरवत बसलो. तो हसला. "तुझ्या तोंडावर लिवलंय की. जाऊ दे. कोंदणात बसले की टोक सोन्यात जातंय, कुणाला दिसत न्हाई. पण एखाद्या पारख्यानं उचकटून बघितलं ना, तर एका नजरंत म्हणंल, ह्येचं कुणीतरी नाक छाटलंय."

चकती दुपारपर्यंत चालली. मी जवळ बसून होतो. हिरा घासताना फार आवाज होत नाही, दात दुखल्यावर डोक्यात होतो तसा एक बारीक आवाज असतो. खडे परत देताना शेषेराव म्हणाला, "एक ऐक. दाबताना हिरा मरत न्हाई. सोडताना मरतोय. घाई करू नको."

हे त्यानं सांगितलं होतं. मला माहीत होतं.

.

मी साचा लावला त्या दिवशी उदगीर बंद होतं. जिल्हा झालाच पाहिजे म्हणून. त्या वर्षी सगळ्यांना खात्री होती की उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार. दुकान बंद, अप्पा मोर्चात, आई आणि अक्का टँकरच्या रांगेत. मी माडीवर एकटा, वर पत्रा, बेचाळीस डिग्री. खालून घोषणा ऐकू येत होत्या.

तीन बोल्ट. आळीपाळीनं. एका वेळी पाव फेरा.

पहिला पाव फेरा, काही नाही. दुसरा, काही नाही. घाम नाकावरून काचेवर पडत होता म्हणून कपाळाला आईचा पदर, म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा, बांधला होता. प्रत्येक फेऱ्याला आत बघायचो. पोटॅशचा तुकडा तसाच. स्वच्छ, शांत. मला वाटलं कुठंतरी चुकलं, दाब लागतच नाही.

मग डावीकडून एक रेष निघाली.

ओल्या फडक्यात पाणी चढतं तशी ती चढली. एका श्वासात इकडून तिकडं. रेषेच्या पुढं सगळं काचेसारखं, मागं सगळं धुरकट. आणि तुकडा लहान झाला. खरंच लहान झाला, माझ्या डोळ्यासमोर, पत्र्याच्या कडेपासून सुटून आत ओढला गेला. आवाज नाही, काही नाही. कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

मी उठून माडीवर दोन येरझाऱ्या घातल्या. मग सूक्ष्मदर्शीला लावलेला मोबाईल बघितला. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

इथं थांबायला पाहिजे होतं. मी बघितलं होतं, पुरे होतं. पण पुरावा नव्हता ना. म्हणून बोल्ट सैल केले, तुकडा परत मोकळा झाला, पण पहिल्यासारखा स्वच्छ काही झाला नाही. आत सगळ्या भेगा. पुन्हा दाबलं. यावेळी रेष नीट दिसंना. अजून पाव फेरा. अजून पाव. खालून मोर्चा परत येत होता, घोषणा जवळ येत होत्या, अप्पा वर येतील म्हणून मी तिन्ही बोल्ट भराभर सोडले.

टक.

एवढाच आवाज. खारीक फोडल्यासारखा.

खडे बाहेर काढले. एक बरोबर होता. दुसऱ्यात टोकापासून आत एक चीर गेली होती, केसापेक्षा बारीक. सरळ बघितलं तर दिसायची नाही. तिरका उजेड पडला की मोरपिसासारखी चमकायची.

सराफानं ते नव्या कोंदणात बसवले. त्याला चीर दिसली का नाही, मला माहीत नाही. तो काही बोलला नाही. मी पण नाही.

.

आमच्या दोन्ही घरांत एक रीत आहे. मुलीसोबत खडे जाणार असले तर सासरची बाई आधी ते तीन दिवस नेते. देवघरात लिंगापुढं, ज्वारीच्या वाटीत ठेवते. तीन दिवसांत घरात काय घडतं ते बघतात. चांगलं घडलं, की खडे लाभले. मग तारीख पक्की.

सोमवारी गंगम्मा आल्या. नवऱ्या मुलाची, बसवराजदाजींची आजी. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. ऐंशीच्या आसपास, कपाळाला भस्म, पाठ ताठ. वाटी आणि ज्वारी घरूनच आणलेली.

आई म्हणाली, "माझ्या आईच्या कानात साठ वर्षं होते हे. कधी काही झालं न्हाई."

"तिथं न्हाई झालं, उमाबाई. हितं बघू." अव्वानं खडे हातावर घेतले. "पाव्हण्यासारखं असतंय. तीन दिवस घरात ठिवला की कळतंय कसा हाय त्यो."

बायका हसल्या. अक्का पण हसली. अव्वानं खडे ज्वारीत खुपसले, वर फडकं बांधलं.

मी तिथं उभा होतो. तोंड उघडायचं होतं. "अव्वा, एका खड्यात चीर हाय, ती मी पाडलीय." एवढंच. दोन वाक्यं नाहीत. मी मनाशी म्हणालो, तीन दिवसांत कोण उचकटून बघणार आहे? आणि त्यांना जीपपर्यंत सोडून आलो. वाटी मीच धरली होती.

.

गुरुवारी दुपारी अप्पांचा फोन वाजला. दाजींचा होता. अप्पा नुसतं "हाव... हाव..." म्हणत राहिले. मग फोन ठेवला आणि ड्रमवर बसले.

देवणीवाल्यांची गाय गेली होती. गौरी. खरी देवणी जातीची, पांढरी, काळे ठिपके, प्रदर्शनात बक्षीस घेतलेली. चाऱ्याअभावी छावणीत बांधली होती, बुधवारी सकाळी पडली, दुपारी संपली. अव्वानं लगेच गावातल्या सराफाला बोलावून वाटीतले खडे दाखवले. त्यानं भिंग लावलं आणि म्हणाला, हा चिरलाय. ताजी चीर आहे.

म्हणजे त्यांच्या हिशोबानं गाय पडली आणि खडा चिरला, एकाच दिवशी, त्यांच्या देवघरात.

"खडे न्हाई लाभले म्हणतेत," अप्पा म्हणाले. "शनवारी बोलावलंय. मोडायला."

सोयरीक मोडली असती तर एक वेळ चाललं असतं. पण असली गोष्ट मोडून थांबत नाही. हिच्या खड्यानं दारातली गाय खाल्ली, हे अक्काच्या मागं लागलं असतं. उदगीर, देवणी, जळकोट, पार बीदरपर्यंत सगळी आमचीच माणसं. पाण्याच्या रांगेत संध्याकाळपर्यंत पोचलंच. समोरच्या काकू अक्काला म्हणाल्या, "तू थांब गं बाई, मी भरते तुझी घागर." चांगलंच बोलल्या. पण घागरीला हात लावू दिला नाही.

अक्का गच्चीवर रिकाम्या टाकीला टेकून बसली होती. मी गेलो.

"अक्का, ती चीर माझी हाय."

सगळं सांगितलं. हदगाव, बोल्ट, टक.

"किती दिवस झाले?"

"बारा."

"बारा दिवस माझ्या ताटाला ताट लावून जेवून राहिलास." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "आणि गाय?"

"दाजीच फोनवर अप्पाला सांगत होते, डॉक्टरनं पोट फाडलं तर बादलीभर प्लास्टिक निघालं."

"मग?"

"मग काय. प्लास्टिकला कोण नावं ठिवणार?"

ती उठली, ओढणी झटकली. "गाय तू मारली न्हाईस. खडा तू फोडलास. शनवारी जा अप्पासोबत, आणि फोडलास तेवढं सांग. जास्त न्हाई, कमी न्हाई. तेवढ्यानं मी सुटते."

मला पण तसंच वाटलं. खरं सांगितलं की सुटतो. शाळेत तेच शिकवतात.

.

शनिवारी देवणीच्या अलीकडं रास्ता रोको होता, तोच जिल्ह्याचा. टायर जळत होते. बस थांबली. अप्पा आणि मी उतरून चालत गेलो. घरी सांगून झालं होतं. अप्पा मारतील असं वाटलं होतं, मारलं नाही. नुसते म्हातारे झाल्यासारखे दिसले.

दाजींच्या पडवीत त्यांच्या भावकीतले पाच जण बसले होते. दाजी खांबाला टेकून उभे, खाली बघत. मध्ये पाटावर ती वाटी. अव्वा वाटीजवळ.

मी उभ्यानंच बोललो. चीर मी पाडली. चौदा दिवसांआधी, उदगीरला, आमच्या माडीवर. खडा इथं आला तेव्हाच चिरलेला होता. माझी चूक, अक्काला माहीत नव्हतं, आईला नाही, अप्पांना नाही.

मग अव्वानं विचारलं, "कशानं पाडलास?"

"दाबून."

"कशात?"

"साच्यात. मी केलाय. तीन बोल्ट असतेत."

"किती दाबलास?"

काय सांगावं कळंना. "वीस हजार पट. त्याच्याहून जास्तच."

पडवीतून एक हुंकार निघाला. अव्वाचा चेहरा हलला नाही. "कशापायी?"

"बघायला."

"काय बघायला रे?"

"दाबल्यावर आतलं बसणं बदलतंय. ते बघायला."

"मग? बदललं?"

"हाव."

अव्वानं मान डोलावली. सावकाश, दोनदा. "म्हंजे आतून बदललाय खडा."

"न्हाई अव्वा, हिरा न्हाई बदलत, आतलं पोटॅश..."

तेवढ्यात त्यांच्यातला एक जण, बसलिंगप्पा म्हणून, दाजींचे चुलते, मांडीवर हात मारून म्हणाले, "बघा! म्हंजे पोरीचा दोषच न्हाई! साठ वर्षं खडा गुणाचा हुता. ह्यानं दाबून दाबून त्येच्यात काहीतरी भरलं. गाय ह्येच्या हातानं गेली."

सगळे हलले. म्हणजे इतका वेळ आवळून बसलेले एकदम सैल झाले, पाय लांब केले, कुणीतरी पाणी मागितलं. दाजींनी मान वर केली. पहिल्यांदा. त्यांच्या तोंडावर काय होतं सांगू का? आनंद. त्यांना अक्का पाहिजे होती. आणि तिच्यापर्यंत जायला त्यांना मधून एक वाट मिळाली होती, ती वाट माझ्या अंगावरून जात होती.

मी बोलू शकलो असतो. गाईच्या पोटातलं प्लास्टिक. हिऱ्याला त्या दाबानं काही होत नाही, फक्त चीर जाते, चीर गेली की तो नुसता चिरलेला हिरा असतो. सगळं मला पाठ होतं. पण मी ते बोललो असतो तर गाय परत कुणाच्या तरी नावावर गेली असती. पडवीत दोनच नावं होती.

अप्पा माझ्याकडं बघत होते. बोल म्हणत होते का बोलू नको म्हणत होते, मला आजपर्यंत कळलं नाही.

अव्वा म्हणाली, "काय रे, असंच हाय न्हवं?"

"हाव," मी म्हणालो. "असंच हाय."

तारीख तीच राहिली. एकच अट. मी लग्नाला यायचं नाही. त्या घराचा उंबरा कधी चढायचा नाही. आणि खडे घरात ठेवायचे नाहीत. अव्वा मळ्यातल्या कोरड्या बोअरजवळ गेली, सहाशे फूट खोल, आणि ज्वारीसकट वाटी आत उपडी केली. आम्ही सगळे गोल उभे होतो. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

.

लग्न झालं. चांगलं झालं म्हणे. मी दुकानात होतो.

पहिल्या आठवड्यात गंमत वाटायची. एक जण ड्रम घ्यायला आला आणि कानाजवळ येऊन म्हणाला, "आमच्या भावकीतला एक लई माजलाय. त्येचं काही दाबता येतंय का बघ की." मी हसलो. तो हसला नाही. त्यानं खरंच विचारलं होतं.

मग अण्णाराव म्हणाला, लेथवर येऊ नको थोडे दिवस, गिऱ्हाईक विचारतेत. समोरच्या काकूंची सून बाळंतीण होऊन आली, तर मी जिन्यात दिसल्यावर तिनं बाळाचं तोंड पदरात घेतलं. खालच्या आळीत कुणाचा बोअर आटला, तर दोन माणसं आमच्या दारासमोर येऊन उगाच उभी राहिली. काही बोलली नाहीत. माडीकडं बघून गेली. मी साचा मोडून भंगारात दिला होता, पण ते कुणाला सांगणार? विचारतच नव्हतं कुणी. विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं.

आई एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "तू तिथं हो म्हणालास ना?"

"हाव."

"का म्हणालास?"

"अक्कासाठी."

तिनं मान हलवली. पण भाकरी ताटात वाढायची तर तिनं टोपल्यात टाकली आणि टोपलं माझ्याकडं सरकवलं. मी म्हणालो मनाशी, चुकून झालं असंल. दुसऱ्या दिवशी पण तसंच झालं.

आणि खरं सांगू? मी स्वतः पण बघायला लागलो होतो. मी ज्या दिवशी जळकोटला गेलो त्या दिवशी तिथं काय झालं. मी कुणाला हात लावला, मग त्याला ताप आला का. मला माहीत आहे, असं काही नसतं. तरी बघायचो.

जूनची वीस तारीख गेली. ढग यायचे, जायचे. अक्काचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, दुपारी, सगळे झोपल्यावर. घाईत बोलायची. बरी आहे म्हणायची. अव्वा तिला काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात, म्हणायची. पाणी आणायला गेली की बघतात, चूल पेटवली की बघतात.

त्या दिवशी फोन सकाळी आला.

"विरू, कसा हायेस?"

आवाज वेगळा होता. सावकाश, मोठ्यानं, पाठ केलेलं म्हटल्यासारखा.

"बरा हाय. तू?"

"आमचा घरामागचा बोअर आज सकाळी बंद पडला. पाणी होतं त्याला. काल तर होतं." थांबली. "आणि ह्यांला दोन दिवस झाले ताप हाय."

"डॉक्टरला दाखवलं का दाजीला?"

"विरू, एक विचारू? खरं सांग."

"विचार की."

"तू परत काही दाबून ऱ्हायलास का?"

मी हसणार होतो. अक्का, तूच म्हणालीस ना, जास्त न्हाई, कमी न्हाई, असं म्हणणार होतो. पण माझा शेवटचा शब्द, "विचार की", मला फोनमधून परत ऐकू आला होता, लांबून, रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा. फोन स्पीकरवर होता. मग मला बाकीचं पण ऐकू यायला लागलं. कुणाच्या तरी बांगड्या. कुणीतरी खाकरलं, बाप्या माणूस. पडवी भरलेली होती.

ती मला विचारत होती का मला सांगत होती, हे कळायला मला थोडा वेळ लागला. कदाचित दोन्ही असंल. तिच्या आवाजात एक थरथर होती, ती खोटी नव्हती.

मी नाही म्हणालो असतो तर ते सगळे फोनवरून मान वर करून कुणाकडं बघणार होते, हे मला इथून दिसत होतं.

"हाव," मी म्हणालो.

पलीकडं बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"कालपासून लावलंय. जरा जास्तच दाबलं गेलं. आज सोडतो."

"सावकाश सोड," अक्का म्हणाली. एकदम तिचा नेहमीचा आवाज. मग लगेच परत मोठ्यानं, "पूर्ण सोड म्हणतेत अव्वा."

"पूर्ण सोडतो."

कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. अव्वा होती का अक्का, कळलं नाही. मग बायकांचं बोलणं सुरू झालं, खाट सरकवल्याचा आवाज आला, आणि फोन कट करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी बराच वेळ कानाला लावून बसलो. ते दाजींना उठवून बसवत होते. कुणीतरी म्हणत होतं, बघ, आत्ताच अंग थोडं गार लागून राहिलंय.